कोठीतली साक्ष

इतवारी गेल्यानंतरच्या दुसऱ्या तिथीला त्याचा मुलगा खेमराज येईल की नाही, यावर कारध्यात दोन मतं होती. ज्या बाईशी कोर्टात भांडतो तिच्याच हातचं जेवायला कोणत्या तोंडानं येईल, असं एक मत. बापाची तिथी आहे, त्यात बाईचं काय, असं दुसरं. त्या बाईनं, म्हणजे भागीरथेनं, दोन्ही ऐकली आणि झिंग्यांचा रस्सा मिरची घालायच्या आधीच एक वाटी बाजूला काढून ठेवला. खेमराजला लहानपणापासून तिखट सोसत नाही, आणि त्याचा कोर्टाशी काही संबंध नव्हता.

तो आला. जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमधून फटफटीवर, मागे बायको रीना. रीनाच्या मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, फुलांची पुडी, शेवेचा डबा आणि सगळ्यांच्या खाली प्लास्टिकच्या फाईलमध्ये चार कागद. फाईल दिसली तशी ज्योत्सनाच्या कपाळावर आठी पडली. ती भागीरथेची एकुलती पोर, तुमसरच्या दवाखान्यात नर्स. खेमराजची ती सावत्र बहीण, पण 'सावत्र' हा शब्द दावा लागेपर्यंत त्या घरात कोणी तोंडात घेतला नव्हता.

"आजच्या दिवशी तरी हे घरी ठेवून यायचं होतं दादा," ती म्हणाली.

"उद्या तारीख आहे. मोठ्या मायले आज वाचून दाखवा लागते. उद्या कोर्टात अंगठा लावाचा आहे तिले."

मोठी माय म्हणजे पार्वताबाई, इतवारीच्या थोरल्या भावाची विधवा. ती त्याच घराच्या दुसऱ्या खणात राहायची. आत्ता ओट्यावर पाय पसरून शिंगाडे सोलत होती आणि आपलं नाव निघालेलं ऐकूनही तिनं मान वर केली नाही.

भांडण पैशाचं असतं तर केव्हाच मिटलं असतं. इतवारी गेल्यावर घराच्या नोंदीत वारस म्हणून खेमराजनं स्वतःचं नाव दिलं, ज्योत्सनाचंही दिलं. भागीरथेचं दिलं नाही. तिचं माझ्या बापाशी लग्न झालेलंच नाही, असं त्यानं लिहून दिलं. एकतीस वर्षं त्या घरात भाकरी थापलेल्या बाईनं मग भंडाऱ्याच्या कोर्टात दावा लावला: मी इतवारीची बायको आहे, एवढं कोर्टानं म्हणावं.

भागीरथा या घरात आली ती विधवा, आणि इथे आमच्या लोकांची एक जुनी चूक आडवी आली. विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागायचा तो अवसेकडच्या अंधाऱ्या पाखात, कोंबडा आरवायच्या आधी, घरामागच्या सांदवाडीत. वाजंत्री नाही, अक्षता नाहीत. दोन जाणते पुरुष आणि बांगड्या भरायला एखादी म्हातारी विधवा. पोरांना दुसऱ्या गावी धाडून द्यायचं. सवाशिणींनी कोठीच्या खोलीत कडी लावून बसायचं, कारण पाटाच्या नवरीचं तोंड जिनं पाहिलं तिचं कुंकू वर्षाच्या आत पुसतं, असं सगळे धरून चालायचे. ज्या गोष्टीला पुढेमागे साक्षीदार लागणार, ती कोणाच्याही नजरेस पडू नये याची आमच्या बापजाद्यांनी इतकी चोख व्यवस्था केली होती!

मागच्या वर्षी वकीलबाई रामटेके घरी आल्या, तेव्हा त्यांनी हेच विचारलं होतं. "पाटाच्या वेळचं कोणी हयात आहे का?"

"सुखरामजी गेले. त्यायचा भाऊ गेला. बांगड्या भरणारी कुंताबाई गेली," भागीरथेनं सांगितलं.

"आणखी कोणी? कोणीही?"

भिंतीपलीकडे पार्वताबाईच्या उखळाचा आवाज येत होता. भागीरथा थोडा वेळ तो ऐकत राहिली. मग म्हणाली, "कोणी नाही."

आज नदीवर तिथीचा नैवेद्य सोडून झाला. पंगत उठली. खेमराजनं वाटीतला फिका रस्सा पुसून खाल्ला आणि ती वाटी कोणी काढून ठेवली हे विचारलं नाही. हात धुवायला तो मागे गेला. तिथे पाण्याचा पितळी गुंड भरून ठेवला होता. गळ्याशी नाव कोरलेलं होतं, वच्छला. त्याची आई. तो दहा वर्षांचा असताना ती गेली. एकतीस वर्षं हा गुंड भागीरथा घासत आली होती आणि घासून घासून ते नाव पुसट झालं होतं. कोणी मुद्दाम पुसलं नव्हतं, हे खेमराजला कळत होतं. तरी दर खेपेला ते अक्षर थोडं कमी दिसलं की तो त्यावरून बोट फिरवून पाहायचा.

त्याच्यापुरतं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तो बारा वर्षांचा असताना मामानं त्याला तीन दिवस आंबागडला नेलं. किल्ल्यावर चढवलं, बोरं खाऊ घातली. परत आला तर आईच्या चुलीपाशी एक अनोळखी बाई बसली होती. बाप म्हणाला, "हे आता इथंच राहीन." लग्न झालं म्हणून कोणी सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यानं तिला कोणत्याच नावानं हाक मारली नव्हती. काम असलं की समोर जाऊन उभा राहायचा.

तो ओसरीवर येऊन बसला तेव्हा ज्योत्सना वाटच पाहत होती.

"दादा, एक सांग. माय बाबाची बायको नाही, तं मी कोण?"

"तुह्यं नाव टाकलं ना मी."

"नाव टाकलं रे. कोण म्हणून टाकलं? गावात मले कोणी विचारलं तं काय सांगू?"

खेमराजनं फाईलचं बटण उघडलं, पुन्हा लावलं. "मी तुह्याबद्दल काही बोललो काय?"

"मायबद्दल बोलला म्हणजे माह्याबद्दलच बोलला. आमची वकीलबाई म्हणते, लग्न झालं हे मायनंच दाखवलं पाहिजे, दावा तिचा आहे. पण दोघं माणसं एवढे वर्ष नवरा-बायको म्हणून राहिले आणि गावानं तसंच मानलं, एवढं दाखवलं का कोर्ट धरून चालते, लग्न झालंच असन. मग ज्याले नाही म्हणाचं आहे त्यानं पुरावा द्यावा."

"वा रे वा! जे झालंच नाही त्याचा पुरावा मी कोठून आणू?"

"ते तुह्यं तू पाहा."

"म्हणूनच तं मोठ्या मायले साक्षीले घेऊन राहिलो. घरात सगळ्यात मोठी तेच. माहे वकील म्हणतात, घरच्या मोठ्या माणसानं सांगितलं का असं काही झालं नाही, तं तुमचं धरून चालणं तेथंच संपते. कोर्टाचं धरणं पक्कं नसते. ते मोडता येते."

रीना दाराशी उभी होती. नवऱ्याच्या बाजूनं बोलायचं हे ती घरून ठरवून आली होती. पण ताटं उचलताना भागीरथेनं तिला "तू बस, तुह्ये पाय सुजले आहेत" म्हणून बसवलं होतं, आणि तेव्हापासून तिचं ठरवलेलं सगळं डळमळत होतं.

"अहो, आपल्या लग्नाची पत्रिका आहे माह्या पेटीत," ती हळूच म्हणाली. "त्याच्यात सौभाग्यवती भागीरथाबाई इतवारी छापलं आहे. मले उंबऱ्यावर भाकरतुकडा उतरवून त्यायनंच घेतलं होतं घरात."

"तू कोणाकडून आहेस?" खेमराजनं विचारलं.

"मी कोणाकडून नाही. पत्रिकेत आहे ते सांगून राहिली."

ज्योत्सनाला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. आत चुलीपाशी बसलेल्या भागीरथेला मात्र हसू आलं नाही. हे धरून चालणं तिला पहिल्यापासून पटत नव्हतं. वकीलबाईंना ती एकदा म्हणालीसुद्धा होती, "म्हणजे अंदाजानं बायको काय हो? माहा पाट लागला आहे. लागला म्हणजे लागला." वकीलबाई म्हणाल्या, "आई, कायद्याचा अंदाज आपल्या बाजूनं आहे, तो सोडू नका." तिनं सोडला नव्हता. पण कोणीतरी एकदा तोंडानं म्हणावं, हाव, झालं, एवढी एक गोष्ट तिला हवी होती, आणि ज्या एका तोंडातून ती येऊ शकत होती त्या तोंडाकडे मागायची नाही हे तिनं फार वर्षांपूर्वी ठरवलं होतं.

खेमराज पार्वताबाईजवळ जाऊन बसला. शिंगाड्यांची टोपली बाजूला सरकवली. त्याच्या आवाजात एकदम लहानपणचा लाडिकपणा आला. आई गेल्यावर दोन वर्षं हिच्याच कुशीत तो निजला होता. तिला स्वतःचं मूल झालं नाही. अजूनही तिच्या गुडघ्यांच्या गोळ्या तोच आणायचा.

"मोठी माय, ऐक. वाचतो. 'मी, पार्वताबाई डोमा वलथरे, वय बहात्तर, धंदा मासेमारी...'"

"धंदा कोठचा आता? गुडघे चालतात काय माहे? बसली शिंगाडे सोलत."

"ते तसंच लिहा लागते. ऐक तं. 'स्वतःला मयत इतवारीची पत्नी म्हणवणारी भागीरथा हिला मी ओळखते. स्वतःला पत्नी म्हणवणारी भागीरथा ही सुमारे एकतीस वर्षांपूर्वी आमच्या घरी राहावयास आली...'"

आत भागीरथा राख सारत होती. 'स्वतःला पत्नी म्हणवणारी' हे तिनं मोजलं नाही, पण प्रत्येक कलमात ते एकदा येत होतं आणि प्रत्येक वेळी तिचा हात थांबत होता.

"'कलम चार. मयत इतवारी व स्वतःला पत्नी म्हणवणारी भागीरथा यांचे लग्न अथवा पाट लागलेला मी पाहिलेला नाही, व तसा कोणताही पाट लागलेला नाही.'"

"थांब," पार्वताबाई म्हणाली. "चौथं पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं.

पार्वताबाईनं पदराला हात पुसले. शिंगाड्याचे काटे बोटांना लागले होते. तिला वाटलं, आपण आता हो म्हणावं. कोणाला खोटंही वाटणार नाही. सवाशीण पाट पाहत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. कोर्टालाही पटेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती एकतीस वर्षं झाकून राहिली, अजून चार-सहा वर्षं राहिली असती. हा पोरगा गोळ्या आणत राहिला असता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते, हे तिला आजच दिसलं.

"हे खोटं आहे बाबू," ती म्हणाली.

"काहून खोटं? तूच सांगितलं होतं मले, त्या दिवशी तू कोठीत होती."

"होती ना. कडी लावून कोठीतच होती. पण कोठीच्या फळीले फट होती."

रीनाचा हात आपोआप गळ्यातल्या पोतीकडे गेला.

"मी पाह्यलं," पार्वताबाई सांगू लागली. ती ओल्या जाळ्याचा गुंता सोडवावा तशी सावकाश बोलत होती. "सुखरामजी होते. त्यायनं नारळ दिला. कुंताबाईनं हिरव्या बांगड्या भरल्या हिले. मग इतवारी भाऊजीनं हिच्या गळ्यात काळी पोत बांधली. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्या खेपेले बसली. सुखरामजी म्हणाले, 'आता हे तुह्यी बायको, इच्या आधी जेवू नको.' आणि खरंच सांगते, मरेपर्यंत भाऊजी हिच्या आधी जेवले नाही. ते तं तूही पाह्यलं आहे."

खेमराजनं ते पाहिलं होतं. बाप हात धुऊन ताटावर बसायचा आणि ती येऊन बसेपर्यंत घास उचलायचा नाही. आम्हा पोरांना भूक लागली असताना हे काय नाटक, असं त्याला वाटायचं.

"आणि आठ महिन्यांत तुह्ये मोठे बाबा पुरात गेले," पार्वताबाई म्हणाली. "माह्या डोळ्यांनी गेले. मी पाह्यलं म्हणून गेले. पण गावानं नाव घेतलं हिचं. पांढऱ्या पायाची म्हणे. बाया विहिरीवर हिचा गुंड मागं सारत. मी बाजूले उभी राहून पाहत होती. एक शब्द बोलली नाही. आता अंगठाही लावू काय?"

खेमराज उठला. फाईल ओट्यावरच राहिली. तो फाटक उघडून नदीकडे उतरला. ज्योत्सना मागे निघाली तर रीनानं तिचा हात धरला. "जाऊ द्या त्यायले. एकटे असले का लवकर समजते."

पार्वताबाई भिंतीला धरून उठली आणि स्वयंपाकघरात आली. भागीरथा चुलीपाशीच होती. बसायला पाट सरकवून तिनं गूळपाणी पुढे केलं. पार्वताबाईनं ते घेतलं नाही.

"शिव्या दे मले भागीरथे. देऊन टाक एकदाच्या."

"मले माहीत होतं बाई."

"काय माहीत होतं?"

"तुमी फळीआड होत्या ते. पोत बांधत होते तेव्हा फळीवर बांगड्या वाजल्या. कुंताबाई बहिरी होती, माणसं आपल्या घाईत होते. मले ऐकू आलं. घरात बांगड्या घालणारी दुसरी होतीच कोण?"

पार्वताबाईनं पुन्हा भिंतीचा आधार घेतला. मग खाली बसली. "आणि तरी बोलली नाही? सगळं गाव तुले टोचून राहिलं होतं तेव्हाही? वकीलबाईले तरी सांगायचं."

"काय सांगू? म्हणजे गाव तुमच्यामागं लागलं असतं, नवऱ्याले खाल्लं म्हणून. माह्याकडं एक माणूस होता घरात, माह्याआधी जेवत नव्हता. मले कोणी काही म्हटलं तं निभत होतं. तुमच्याकडं कोण होतं?"

पार्वताबाईला रडू आवरेना. एवढ्या वर्षांत ती नवऱ्यासाठी रडली होती, पण भीती न बाळगता कधी रडली नव्हती. भागीरथेनं तिला रडू दिलं. मग पदरानं तिचं तोंड पुसून ती जरा चिडूनच म्हणाली, "आणि डोळ्यांनी गेले म्हणे! त्या पुरात सहा डोंगे उलटले बाई. सहा घरचे माणसं गेले. त्या सहाही जणी काय माहा पाट पाहाले आपल्या कोठीत दाटल्या होत्या?"

पार्वताबाई रडता रडता थांबली. सहा जणी आणि ती एवढीशी कोठी तिच्या डोळ्यांपुढे आली असावी. तिला ठसका लागला, आणि तो हसण्याचा होता हे दाराशी उभ्या ज्योत्सनाला आधी कळलं. भागीरथेनं गूळपाणी पुन्हा पुढे केलं. या वेळी तिनं घेतलं.

खेमराज तासाभरानं आला तेव्हा त्याच्या पँटचे काठ ओले होते. तो सरळ स्वयंपाकघराच्या दारात आला आणि नेहमीसारखा समोर उभा राहिला.

"मले आंबागडले कोणी धाडलं होतं?"

"तुह्या बाबानं," भागीरथा म्हणाली. "पोरानं पाह्यलं तं पोराले लागते म्हणे. मी म्हटलं होतं, राहू द्या त्याले, मागून त्याले कोणी सांगणार नाही. पण नवीन बाईचं कोण ऐकते?"

त्यानं मान हलवली. मग ओट्यावरून फाईल आणली आणि उंबऱ्यावरच मांडी घालून बसला. चौथं कलम असलेला कागद पालटा करून त्यानं कोरी बाजू वर केली, खिशातला पेन काढला.

"सांग मोठी माय. कोठीपासून सांग."

"हे कोणाच्या कामाचं?" ज्योत्सनानं विचारलं. "तुह्या वकिलाच्या?"

"त्याले सांगतो, साक्षीदार फुटली. तुह्या वकीलबाईले दे हा कागद. तिचं धरून चालणं पुरे झालं म्हणावं."

पार्वताबाई सांगत गेली आणि तो लिहीत गेला. फॅक्टरीच्या रजिस्टरात लिहून बसलेलं त्याचं अक्षर ठसठशीत होतं. पोतीच्या गाठीपाशी तो थांबला. "दोनदा सुटली, हेही लिहू?"

"लिही. पाहणाऱ्यालेच माहीत राहते ते."

त्यानं लिहिलं. मग पुढच्या ओळीवर पेन टेकवून तो पुन्हा थांबला. तिथे भागीरथेचं नाव यायचं होतं. आतापर्यंतच्या चारही कागदांवर त्या नावाआधी तीन शब्द छापलेले होते. भागीरथा चुलीतली राख उगीचच सारत राहिली. नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिला ते सांगता आलं नसतं.

खेमराजनं विचारलं नाही. खाली मान घालून त्यानं लिहिलं, भागीरथा इतवारी वलथरे. मग मान वर न करताच म्हणाला, "माय, थोडं पाणी दे."